घरातलीच माणसं आहेत, कागद कशाला?



गेल्या रविवारी ताईचा नातू पेढे घेऊन आला. शाळेतल्या मित्राबरोबर नमकीन पॅकिंगचा धंदा सुरू करतोय. पोलोग्राउंडकडे शेड भाड्याने घेतली, मशीनची ऑर्डरही दिली. मी विचारलं, "भागीदारीचा करारनामा केला का रे?" तो हसला. "मामाआजोबा, आम्ही पहिलीपासूनचे मित्र. आमच्यात कागद कशाला?"

पेढा हातातच राहिला. हेच वाक्य याच खोलीत मी पूर्वी ऐकलं होतं, त्याच्या आजोबांच्या तोंडून. तेव्हा मी गप्प बसलो. त्याची किंमत ताईने मोजली, म्हणून आज हे लिहितोय.

भाऊजींचं, म्हणजे ताईच्या यजमानांचं, सियागंजात पाइप-फिटिंगचं दुकान होतं. एका स्नेह्याबरोबर भागीदारी. फर्म रजिस्टर होती, धंदा चोख होता. १९९६ मध्ये भाऊजींना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि ते बाहेर पडले. हिशेब तोंडी झाला, त्यांच्या वाट्याचे पैसे हप्त्याहप्त्याने घरी आले. दिवाळीच्या फराळाला त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी बी.कॉम. झालेला, बँकेत कर्जविभाग सांभाळणारा माणूस. निवृत्तीचा करार झाला नाही, जाहीर सूचना दिली नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण वाटलं, सणाच्या दिवशी कायदा काय शिकवायचा? ताईला वाटेल, भाऊ संशय पेरतोय. मी चकली खाल्ली आणि विषय बदलला.

२००० साली भाऊजींच्या नावाने समन्स आलं. दरम्यान भागीदाराने एका कंपनीचा माल उधारीवर उचलला होता, तीन लाख चाळीस हजारांचा. पैसे दिले नाहीत आणि तो मुलाकडे दुसऱ्या गावी निघून गेला. कंपनीने दोघांवर दावा लावला. भाऊजी म्हणत राहिले, "अहो, मी तर कधीच सोडलं!" कंपनीच्या वकिलाने एवढंच विचारलं, "आम्हाला कळवलं होतं का?" बिलबुकावर तेव्हाही दोघांची नावं छापलेली होती. कंपनीचा सेल्समन साक्षीला आला आणि म्हणाला, "मला दोघंच मालक माहीत." तो खोटं बोलत नव्हता.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. भागीदार निवृत्त झाला, पण जाहीर सूचना दिली नाही, तर त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्या लोकांपुरती त्याची जबाबदारी चालूच राहते. आणि ती अर्धी-अर्धी नसते. पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते. साहजिकच ज्याचं घरदार जागेवर आहे, त्याचंच दार वाजतं.

आठ वर्षं तारखा पडल्या. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, ताईने स्कीम ७८ मधला प्लॉट विकून पैसे भरले. तिथे घर बांधायचं तिचं स्वप्न होतं. ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. खरं आहे. पण ती पायरी चढायची की नाही, हे दावा लावणारा ठरवतो. आपल्या हातात एवढंच असतं की तो दिवस येईल तेव्हा आपल्याकडे कागद असावेत. आणि कागद करायची वेळ म्हणजे चांगले दिवस. भांडण झाल्यावर सही कोण देतो?

बँकेतल्या अनुभवावरून सांगतो. भागीदारी करा, पण लेखी करा आणि फर्म रजिस्टर करा. रजिस्टर नसलेल्या फर्मला आपली उधारी वसूल करायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, मात्र तिच्यावर दावा लावता येतो! बाहेर पडताना निवृत्तीचा करार, रजिस्ट्रारला सूचना, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, हे सगळं करा. शिवाय बँकेला आणि प्रत्येक पुरवठादाराला पत्र द्या, पोच जपून ठेवा. बँकेला हमी लिहून दिली असेल, तर नुसतं दुकान सोडून ती सुटत नाही. बँकेकडून तसं लेखी घ्या. कंपनी केली किंवा एलएलपी केली म्हणून घर सुरक्षित झालं, असंही समजू नका. कर्ज देताना बँक तुमची वैयक्तिक हमी मागते, आणि हमीदाराची जबाबदारी सहसा कर्जदाराएवढीच असते. मी स्वतः कित्येकांच्या सह्या घेतल्यात. वाचून सही करणारे फार थोडे.

सही केलेला कोरा चेक तर कोणालाही देऊ नका, अगदी सख्ख्या मेव्हण्यालाही. "रक्कम मी भरली नव्हती" एवढं म्हणून सुटका होत नाही. चेक परत गेल्याची नोटीस आली, तर पैसे भरायला मिळतात पंधरा दिवस. ती नोटीस देवघरात ठेवून उपयोग नाही, त्याच दिवशी वकिलाकडे जा. आणि आपली उधारी अडकली असेल, तर मुदत साधारण तीन वर्षांची असते हे विसरू नका. त्याआत समोरच्याकडून बाकी मान्य असल्याची सही घेतली, की मुदत नव्याने सुरू होते.

लोक म्हणतात, कागद मागितला की नातं बिघडतं. भाऊजी आणि त्यांचे स्नेही तीस वर्षं एका ताटात जेवलेले. शेवटी कोर्टाच्या आवारात दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. त्यांच्यात कागद नव्हता, तरी नातं राहिलं का?

परवा नातवाचा फोन आला. करारनाम्याचं मित्राला सांगायला संकोच वाटतोय म्हणाला. मी म्हटलं, "त्याला घेऊन माझ्याकडे ये. सगळा वाईटपणा माझ्या नावावर टाक. १९९६ सालचा थकलाय माझ्याकडे."

शनिवारी दोघं येताहेत. ताईलाही बोलावलंय.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या मंडळींनो, तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर जरूर लिहा. आपल्या मुलांना ते वाचू द्या.