भट्टी घरी करा, पण स्वयंपाकघरात नको

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चकरा मारून सुटे भाग जमवायचे आणि घरी येऊन सर्किट बोर्ड तयार करायचा, हा पुण्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा जुना छंद. याच शहरातील सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात झेपावला. तेव्हा या धडपडीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र आता भाग इतके बारीक झाले आहेत की एकेक जोड सोल्डरिंग गनने देणे अवघड जाते. म्हणून कारखान्यातील ‘रिफ्लो’ भट्टीची घरगुती आवृत्ती तयार होते आणि त्यासाठी सर्वांत आधी हाती लागतो तो स्वयंपाकघरातला ओटीजी. काळजीचे कारण तेथे आहे.

या भट्टीत सोल्डरची पेस्ट आणि भाग लावलेला अख्खा बोर्ड एकदम तापवतात. तापमान आधी १५० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे थोडा वेळ स्थिरावू द्यायचे, मग सोल्डर वितळेपर्यंत चढवायचे. कथील आणि शिशाची नेहमीची पेस्ट १८३ अंशांना वितळते, शिसेविरहित पेस्टला २१७ अंशांच्या पुढे जावे लागते.

भट्टीतून निघणारा धूर शिशाचा, असा सर्रास समज आहे. तो बरोबर नाही. एवढ्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. धूर असतो फ्लक्सचा. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, तेच काम फ्लक्स करतो : धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. त्यात बहुधा पाइन वृक्षाची राळ असते. तिचा धूर वारंवार छातीत गेला तर दमा जडू शकतो आणि एकदा जडल्यावर थोडासा धूरही त्रासाला पुरतो. शिसेविरहित पेस्ट घेतल्याने हा धोका टळत नाही. त्यावर उपाय एकच : धूर बाहेर टाकणारा पंखा.

शिसे पोटात जाते ते हातावाटे. पेस्ट बोटांना लागते, ट्रेवर सांडते, दाराच्या मुठीला चिकटते. तोच ट्रे धुऊन संध्याकाळी त्यावर नानकटाई भाजली की घरातल्या लहानग्यापर्यंत ते पोहोचू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, आणि लहान मूल पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेते. ते हाडांत साठते. गर्भारपणात तेथून सुटून बाळापर्यंत जाते. मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडेही जात नाही. ई-कचऱ्याच्या नियमांनी कारखान्यातील नव्या उपकरणांत, काही अपवाद वगळता, शिशाची मर्यादा ०.१ टक्का ठरवली आहे. घरच्या टेबलावरच्या नेहमीच्या सोल्डरमध्ये ते ३७ टक्के असते.

तेव्हा नियम साधा ठेवावा. सोल्डरसाठी एकदा वापरलेला ओव्हन अन्नासाठी पुन्हा वापरायचा नाही; त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे, भंगारात देतानाही. पेस्ट शिसेविरहित घ्यावी, हातमोजे घालावेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. सॉलिड स्टेट रिले बिघडला तर तो बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो, म्हणून स्वतंत्र थर्मल फ्यूज हवाच. ओव्हनच्या पत्र्याला अर्थिंग द्यावे आणि भट्टी चालू ठेवून खोली सोडू नये.

खरी जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांना तोटा नाही. प्रत्येकाने धूर ओढून घेणाऱ्या पंख्यासह एक भट्टी संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवली, तर आईच्या ओट्यावरचा ओव्हन ओट्यावरच राहील. त्याचा खर्च एका दालनाच्या रंगरंगोटीहून फारसा जास्त येणार नाही.