मातीचे भाडे कुणाच्या खिशात?

‘शेत पेरू नका, पडीक ठेवा, पैसे आम्ही देतो,’ असे एखादे सरकार शेतकऱ्यास म्हणाले, तर आपल्या पेठेतील शहाणी माणसे ती थट्टाच समजतील. परंतु अमेरिकेचे मध्यवर्ती सरकार १९८५ च्या कायद्यापासून हेच करीत आले आहे. वाऱ्यापावसाने झिजणाऱ्या जमिनीवर गवत राखावे, त्याबद्दल दर एकरी वार्षिक भाडे घ्यावे, असा दहा ते पंधरा वर्षांचा हा करार असतो. हेतू उदात्त आहे. प्रश्न आहे तो पैसा जातो कुणाकडे, हा.

कोलोरॅडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील बाका कौंटी पाहा. गव्हाच्या लोभाने नांगरलेला तिचा माळ १९३० नंतरच्या अवर्षणात धुळीबरोबर आकाशात उडाला. १४ एप्रिल १९३५ हा दिवस त्या मुलखात ‘काळा रविवार’ म्हणून आजही ओळखला जातो. त्या काळात सरकारने काय केले? उजाड जमिनी विकत घेतल्या आणि त्यांवर पुन्हा गवत वाढविले. बाका व तिच्या शेजारच्या कौंट्यांतील त्याच जमिनींना १९६० साली कोमांची राष्ट्रीय गवताळ प्रदेश हे नाव मिळाले. पैसा एकदा मोजला. गवत अद्याप उभे आहे.

हा धडा मात्र पुढे विसरला गेला. १९७० नंतर परदेशी मागणीने धान्य तेजीत आले आणि नांगर पुन्हा माळावर चालले. भाव कोसळले तेव्हा, १९७७ साली, याच कौंटीतील कँपो गावी शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली. १९७९ साली तिचे हजारो ट्रॅक्टर थेट वॉशिंग्टनमध्ये जाऊन थडकले. त्यांनी मागितला रास्त भाव. पुढे मिळाले ते न पेरण्याचे भाडे!

आणि तेही मिळते सातबारा ज्याच्या नावे त्यास, असेच आपल्या भाषेत म्हणावे लागेल. मालक दूरच्या शहरात, कसणारा वर्षावर्षाच्या बोलीचे कूळ. बोली संपली की मालक ती पुढे चालवीत नाही आणि सरकारी करारावर सही करतो. कायद्यात कुळांच्या हितरक्षणाचे शब्द आहेत. पण कूळच उरले नाही, तर रक्षण कुणाचे करणार? १९४८ च्या मुंबई कूळ कायद्याच्या वेळी कुळास आधी हुसकून मग ‘आमच्याकडे कूळच नाही’ म्हणणारे जमीनदार ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिले, त्यांना हा डाव नवा नाही. कुळामागोमाग बियाण्याचा दुकानदार, यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री आणि शाळेतील पोरेही जातात. कौंटीतील लागवडीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक जमीन सामान्यतः या योजनेत घेऊ नये, असे बंधन खुद्द कायद्यानेच घातले आहे. बाजारपेठ बुडते याची ही कबुली नव्हे तर काय?

माती तर वाचली ना, असे कोणी विचारील. वाचली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. माळावरच्या पक्ष्यांनाही आसरा मिळाला. पण किती दिवस? २००७ साली या योजनेत सुमारे ३ कोटी ६८ लक्ष एकर जमीन होती. मक्याचे भाव चढले, करार संपले, आणि मालकांनी गवतावर पुन्हा नांगर घातला. २०१४ च्या कायद्याने तर कमाल मर्यादाच टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लक्ष एकरांवर आणली. जनतेने वर्षानुवर्षे भाडे भरले, आणि राखलेला कस मालकाने एका हंगामात बाजारात विकला.

अगदी झिजरी जमीन सरकारने पूर्वीप्रमाणे कायमची विकत घ्यावी. उरलेल्या जमिनीचे भाडे देताना कसणाऱ्याचा हिस्सा आधी बाजूला काढावा. आणि करारापूर्वीच्या तीन वर्षांत ज्या शेतावरून कूळ काढले गेले असेल, त्या शेतास एक डॉलरही देऊ नये.