तारेतून सूर येत नाहीत

यूएसबीच्या तारेने गाण्यातला बास घट्ट होतो, असं सांगून पंधरा-वीस हजारांची तार गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा विक्रेता खोटं बोलतो. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही, कारण पगारातून पैसे बाजूला टाकून डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र, घेणारी माणसं यात लुबाडली जातात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या स्टीरिओ संगीताला सेकंदाला जेमतेम ९.२ मेगाबिट लागतात, यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट आहे. साध्या, धड तारेतून सगळे आकडे जसेच्या तसे पोचतात. तार खराब असली तर टकटक ऐकू येते, आवाज तुटतो. गायिकेचा गळा त्याने मखमली होत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: घड्याळ कोणाचं चालणार? कोअ‍ॅक्शियल असो वा ऑप्टिकल, दोन्हींतून एसपीडीआयएफचाच सिग्नल धावतो. त्यात आकडे आणि त्यांचा ताल एकत्र गुंफलेले असतात, आणि डॅकला तो ताल पाठवणाऱ्या यंत्राकडून उचलावा लागतो. समोर फालतू सेटटॉप बॉक्स असला की ताल डळमळतो. चांगला डॅक तो बराचसा सावरून घेतो, भिकार डॅक घेत नाही. असिंक्रोनस यूएसबीत सूत्रं डॅकच्या हाती असतात: तो स्वतःच्या क्रिस्टलवर चालतो आणि आकडे किती वेगाने हवेत ते कॉम्प्युटरला कळवतो. म्हणून कॉम्प्युटरवरून ऐकणाऱ्याने आधी यूएसबीच लावावं.

आता अर्थिंग. तीन पिनांचा लॅपटॉप चार्जर एका प्लगवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, आणि मध्ये यूएसबीचं तांबं: ग्राउंड लूप तयार, स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर सुरू. यावरही महागडी तार विकणारे आहेत! इथे ऑप्टिकल लावा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या जोडणीत प्लॅस्टिकच्या धाग्यातून लाल प्रकाश जातो. तांबंच नसल्यामुळे लूपचा तो रस्ता तुटतो. शौकीन मंडळी तिला नाकं मुरडतात. पुष्कळ यंत्रांवर ती ९६ किलोहर्ट्झपुढे भरवशाने जात नाही, हे खरं. पण सीडी ४४.१ किलोहर्ट्झची असते, मग अडलं कुठे?

कोअ‍ॅक्शियलला ७५ ओहमची तार हवी, बस. केबल टीव्हीवाला घराघरांत ओढतो ती आरजी-६ वायरही ७५ ओहमचीच असते. तिला नीट आरसीए प्लग लावून घ्या.

टीव्हीला ऑप्टिकलने डॅक जोडला आणि आवाजच आला नाही, तर बहुतेक वेळा टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवत असतो आणि साध्या स्टीरिओ डॅकला तो उलगडता येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करायचं, की आवाज येतो. एवढं सांगायला फुटकी कवडी लागत नाही. तरी दुकानदार ते सांगत नाही, नवी तार काढून काउंटरवर ठेवतो.