वर्गणीतून वास्तू उभी राहते, टिकते कशातून?

एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या छताला गळती लागली, की पहिले आवाहन माजी विद्यार्थ्यांना जाते. आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर वा परदेशी स्थायिक आहेत, त्यांच्याकडे तर अशी पत्रे वारंवार येत असतात. पत्र वाचून मन हेलावते, रक्कम पाठविली जाते आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. परंतु माझ्या मते वर्गणी जमविणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग आहे. जमलेल्या पैशाची व्यवस्था कोण, कशी आणि किती वर्षे पाहणार, हा खरा प्रश्न होय. कोलकाता शहराचा शैक्षणिक इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

मे 1816 मध्ये सरन्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट यांच्या घरी शहरातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थांची सभा भरली आणि महाविद्यालयासाठी वर्गणी सुरू झाली. बरद्वानचे महाराज व गोपीमोहन टागोर यांनी प्रत्येकी दहा हजार रुपये दिले. एकूण निधी सुमारे 1 लाख 13 हजारांवर गेला आणि 20 जानेवारी 1817 रोजी हिंदू कॉलेज उघडले. लोकांनी लोकांसाठी उभारलेली ही संस्था! पण तिचा निधी जोसेफ बॅरेटो यांच्या पेढीत ठेवलेला होता. 1820 च्या दशकात ती पेढी बुडाली आणि निधीचा फार मोठा भाग तिच्याबरोबर गेला. त्याच दशकात संस्थेला सरकारी साहाय्य घ्यावे लागले. साहाय्याच्या पाठोपाठ देखरेख आली आणि 1855 मध्ये तिचे सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजात रूपांतर झाले. दात्यांचे औदार्य कोठेच कमी पडले नव्हते. कमी पडली ती निधीच्या सुरक्षिततेची तजवीज.

दुसरे उदाहरण मुंबईशी निगडित आहे. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. त्यातून 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आपण जाणतोच. याच गृहस्थांनी 1866 मध्ये कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. तेथे मात्र मुद्दल राखून त्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळविणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते आणि पुढे शिवचरित्र लिहिणारे जदुनाथ सरकारही होते. मुंबईच्या व्यापाऱ्याचे धन असे फिरून मराठ्यांच्या इतिहासाच्या कामी आले.

त्याच विद्यापीठाचे सिनेट हाउस, वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी रचलेली भव्य स्तंभांची वास्तू, 1870 च्या दशकात उभी राहिली आणि 1960 मध्ये पाडली गेली. शतकही पुरे झाले नव्हते. त्या जागी शताब्दी भवन आले. वारसा वास्तूंसाठी पश्चिम बंगालचा आयोगविषयक कायदा होण्यास 2001 साल उजाडावे लागले. राखलेले मुद्दल पिढ्यानपिढ्या फळ देत राहिले, तर दगडविटांची वास्तू गेली. मुंबईचा मनोरा वाचला खरा, पण त्यालाही 2013 ते 2015 या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिलेल्या सुमारे चार कोटी रुपयांच्या देणगीची गरज पडली.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. संस्था सरकारी असेल तर दुरुस्ती सरकारने करावी, नागरिकांनी दोनदा पैसे का द्यावेत? आक्षेप रास्त आहे आणि इमारतीची मूळ जबाबदारी सरकारचीच राहिली पाहिजे, असे मलाही वाटते. पण प्रशासनात अंदाजपत्रकांची जी ओढाताण मी पाहिली, तीत काटछाट करावयाची वेळ आली की पहिली कुऱ्हाड देखभालीच्या तरतुदीवर पडते. वेतन थांबविता येत नाही. गच्चीवरील पन्हाळी साफ करणे पुढे ढकलता येते. कोलकात्याच्या पावसात हे पुढे ढकलणे महाग पडते. भेगांत पिंपळ रुजतो, चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर कोणीतरी सिमेंट थापतो आणि आत कोंडलेली ओल भिंत पोखरते. मोठ्या जीर्णोद्धाराचा खर्च हा बहुधा अनेक वर्षे न केलेल्या किरकोळ खर्चाचा चक्रवाढ हिशेब असतो.

म्हणून देणगी देण्यापूर्वी दात्याने तीन गोष्टी विचाराव्यात. जमलेल्या रकमेचा काही हिस्सा, माझ्या मते निदान चौथा, कायम ठेव म्हणून बाजूला राहणार आहे काय? इमारतीचा मालक, मग ते विद्यापीठ असो वा शासन, वार्षिक देखभालीचा लेखी करार करणार आहे काय? आणि लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होणार आहे काय? केंद्र सरकारने 1996 मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत दात्याला विशिष्ट प्रकल्पासाठी रक्कम देता येते. स्थानिक समित्यांनीही ही शिस्त उचलावी.

परदेशस्थ वाचकांसाठी आणखी एक व्यावहारिक सूचना. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय वंशाच्या दात्याची देणगीही त्या कायद्याखाली येते. मग संस्थेकडे तशी नोंदणी वा पूर्वपरवानगी असावी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. समितीने हे आधीच सांगितले नाही, तर तिच्या तयारीविषयी शंका घेण्यास जागा आहे.

असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा आपल्याकडे समज आहे. तो सोडला पाहिजे. 1816 च्या सभेत पैसा कोठे आणि कोणाच्या हमीवर ठेवणार हे कोणी आग्रहाने विचारले असते, तर ते सर्वांत मोठ्या देणगीइतकेच मोलाचे ठरले असते.