लागली, पण भेदली का?

मराठीच्या मास्तराला हा रणगाड्यांचा नाद कसला, असे आमच्या सौ. विचारतात. 1985 साली अमेरिकेत निघालेला 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' हा सोंगट्यांचा खेळ. त्यात 1940 चा फ्रान्स मांडला, की ब्रिटिश पायदळाच्या हाती 'बॉइज' रायफल येते. वजन सोळा किलो! फासे दोनदा टाकायचे: एकदा नेमासाठी, नेम लागलाच तर चिलखतासाठी. समोरून येणाऱ्या पॅन्झरपुढे दुसरे दान बहुधा फुकट. म्हणून खेळाडू दबा धरतो, रणगाड्याची बगल दिसेपर्यंत. चिलखताचा आकडा त्याच्यापुढे छापलेला असतो, हो! खंदकातल्या पोराला तो कोण सांगणार? 1943 मध्ये 'पिआट' येईपर्यंत त्याने हीच 'हत्तीबंदूक' वाहिली.