कार्डावरचे दोन टक्के

दीड हजाराचे बूट घेतले, बाबांनी डेबिट कार्ड पुढे केलं, की काही दुकानदार हळूच म्हणतात, "कार्डाचे दोन टक्के जादा हं!" म्हणजे तीस रुपये. आता करा हिशेब. डेबिट कार्डासाठी बँक दुकानदाराकडून फार तर ०.९० टक्के घेते, म्हणजे साडेतेरा रुपये. उरलेले साडेसोळा कुणाच्या गल्ल्यात? आणि ते साडेतेराही गिऱ्हाइकाच्या माथी मारू देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना बजावलंय. रूपे डेबिट कार्डावर तर २०२० पासून हा आकारच नाही! (क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथं भांडण जरा अवघड.) बाबा संकोचले, तर तुम्हीच विचारा, "काका, हे तीस रुपये बिलावर लिहून देता?" कित्येकदा तेवढ्यानंच काकांचं यंत्र फुकट चालायला लागतं.