करिअर कट्टा : बी.टेक.नंतर थेट पीएचडी

इलेक्ट्रिकलमध्ये बी.टेक. झालं की एम.टेक. न करताही पीएचडीला जाता येतं, हे घरात पुष्कळांना माहीत नसतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के हवेत, एम.टेक. असेल तर ५५ पुरतात. आयआयटींचे प्रवेशाचे नियम मात्र वेगळे, ते नीट वाचा.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम असतो. खरी कसोटी पुढेच. विषय मोटारीचा असो, ग्रिडचा की चिपचा, आधी कुणी न केलेलं काहीतरी सिद्ध करायचं असतं. मार्गदर्शकांखेरीज बाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध तपासतात, मग तोंडी परीक्षा.

याला किमान तीन वर्षं लागतात, पाच-सहाही लागू शकतात. मुलींनो, लग्न ठरलं म्हणून संशोधन सोडू नका : तुम्हाला मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.

आणि आई-बाबा, चौथ्या वर्षी "अजून संपलं नाही?" असं विचारू नका. "प्रयोग कुठवर आला?" असं विचारा. त्यानं बळ येतं.